गावातल्या बोळात रात्र उभी करताना: कमी पैशांत रात्रीच्या बाहेरच्या सीनचं लाइटिंग

शॉर्टफिल्मच्या संहितेत ‘रात्र, बाहेर’ लिहायला काहीच लागत नाही. शूटिंगच्या दिवशी मात्र याच दोन शब्दांवर निम्मं बजेट जाऊ शकतं. नव्याने काम करणारी बरीच मंडळी मग दोन टोकांना जातात. काहीजण डेकोरेटरकडचे चार हॅलोजन आणून बोळ लग्नाच्या मांडवासारखा उजळून टाकतात. बाकीचे ‘आपला कॅमेरा अंधारातही बघतो’ म्हणत काहीच लावत नाहीत आणि एडिटिंगच्या टेबलावर करड्या, दाणेदार चिखलाकडे बघत बसतात. माझं म्हणणं असं की एक बऱ्यापैकी मोठा लाइट पात्राच्या मागे, लांब आणि उंच लावावा आणि बाकी सगळं बारीकसारीक दिव्यांवर भागवावं. एवढ्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावठाणात पटेल अशी रात्र उभी राहते.

समजायला सोपं जावं म्हणून एक सीन धरून चालू. रात्री शेवटच्या एसटीने एक मुलगी गावात उतरते. पारावरून निघून दगडी भिंतींच्या अरुंद बोळातून घरापर्यंत येते. कडी वाजवते, आई दार उघडते. दोन मिनिटांचा सीन, पात्रं दोन, संवाद चार.

जागा रात्रीच बघा

लोकेशन दिवसा ठरवू नका. ज्या वेळी शूट करणार, त्याच वेळी जाऊन अर्धा तास उभे राहा. रस्त्यावरचे दिवे कुठे आहेत, कुठल्या रंगाचे आहेत, कुठल्या घराचा ओट्यावरचा बल्ब रात्रभर चालू असतो, कुत्री कुठे बसतात, हे दिवसा कळत नाही. २०१५ पासून देशभर जुन्या पथदिव्यांच्या जागी एलईडी लावण्याची सरकारी मोहीम सुरू झाली, पण कित्येक ठिकाणी अजून एका खांबावर सोडियमचा पिवळा दिवा आणि पुढच्यावर पांढराफटक एलईडी असतो. सोडियमचा उजेड २००० ते २२०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तितका पिवळा, मोठा तितका निळसर) आसपास असतो आणि त्यात चेहऱ्याचे रंग धड दिसत नाहीत. कपडे, कुंकू, झाडाची पानं सगळं एकाच पिवळ्यात बुडतं. चेहरा त्यात ठेवायचा नसेल तर तो खांब फ्रेमबाहेर काढा किंवा ग्रामपंचायतीला विचारून तेवढा दिवा तासाभरासाठी बंद करून घ्या. सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना आदल्या दिवशी भेटलात तर हे काम बहुतेकदा होतं. रात्री अकराला फोन करून होत नाही.

बोळ निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, बोळाच्या मागच्या टोकाला गच्ची, माडी किंवा निदान उंच जोतं आहे का, कारण मुख्य लाइट तिथे चढणार आहे. दुसरी, भिंती. चुन्याच्या पांढऱ्या भिंती उजेड सगळीकडे परत फेकतात आणि अंधार पातळ करतात. काळ्या दगडाची, पोपडे उडालेल्या मातीची किंवा कोकणात असाल तर जांभ्याची भिंत तिरप्या उजेडात फार सुंदर दिसते, कारण तिच्या प्रत्येक खाचेची सावली पडते. तिसरी, खोली. मुलीच्या मागे फ्रेममध्ये लांबवर काहीतरी उजळलेलं हवं. देवळातला दिवा, एखादी खिडकी, अर्धवट उघडं दुकान, काहीही चालेल. मागे नुसता काळा पडदा असेल तर प्रेक्षकाला गाव दिसत नाही, फक्त अंधारात तरंगणारा चेहरा दिसतो.

परवानगी

ग्रामपंचायतीचं पत्र आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कल्पना, एवढं खासगी घरं आणि गावातला बोळ यांच्यासाठी साधारणपणे लागतंच. सरकारी जागा असेल तर गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत एक खिडकी पद्धतीने अर्ज करता येतो. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी असते, म्हणून गाणं किंवा संवाद स्पीकरवर वाजवून शूट करायचं असेल तर ते दहाच्या आत उरका. आणि बोळातल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगा. ज्यांच्या गच्चीवर तुमचा लाइट पहाटेपर्यंत उभा राहणार, त्या काका-काकूंनी ‘या’ म्हटलं तर सगळं सोपं होतं.

वीज: हिशेब कागदावर करा

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. वॉटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. १००० वॉटचा एक हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आत-बाहेर घेतो. साध्या लहान सॉकेटवर असा एकच लावावा. फ्रिज-गिझरच्या मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन हजार वॉटपर्यंत जाता येतं, पण गावातल्या जुन्या वायरिंगवर माझा तेवढा विश्वास नसतो. मी निम्म्यावर थांबायला सांगेन. याउलट ३०० वॉटचा एलईडी सगळा मिळून साडेतीनशे वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे दीड अँपिअर. सहा तास चालला तर दोन युनिटं. घरमालकाला त्याचे पैसे आधीच द्या, नको म्हणाले तरी द्या.

खांबावर आकडा टाकायचा नाही. ती वीजचोरी आहे, त्यावर गुन्हा दाखल होतो, आणि ओल्या बोळात तो कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. एक्स्टेन्शनची वायर किमान दीड चौरस मिलिमीटरची घ्या, मोठ्या भारासाठी अडीचची. रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरवर भार टाकला की ती आतल्या आत तापते आणि आवरण वितळतं. तीन पिनांचा प्लग हवा, अर्थिंग चालू आहे का हे गावातल्या वायरमनकडून तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड मिळाला तर तो नक्की लावा. बोळ ओला करणार असाल तर जोडण्या जमिनीवर ठेवूच नका, खुर्चीवर किंवा खुंटीला टांगा.

जनरेटर शक्यतो टाळा. लागलाच तर २ केव्हीएचा, कमी आवाजाचा इन्व्हर्टर जनरेटर भाड्याने घ्या. तो सोळाशे वॉटच्या आसपास देतो. दोन घरांच्या पलीकडे, भिंतीआड ठेवा, म्हणजे साउंडवाल्याचा जीव वाचेल. गावात त्या रात्री वीज कधी जाते हे शेजाऱ्यांना विचारायला विसरू नका. लोडशेडिंगचं वेळापत्रक तुमच्या शेड्यूलपेक्षा मोठं आहे.

चंद्र मागून उगवू द्या

पौर्णिमेला शूट ठेवलं की लाइट लागणार नाही, हा गैरसमज सोडा. चंद्र डोक्यावर असताना पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास भरतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं मोठं) १.८ आणि शटर १/५० ठेवलं तरी चेहरा नीट उजळायला साधारण १२ लक्स लागतात. म्हणजे खरा चंद्र सुमारे पन्नास पट कमी पडतो. पौर्णिमेचा फायदा एवढाच की युनिटला चालताना ठेचा लागत नाहीत. शिवाय चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पंचांग बघून ठेवा, नाहीतर दुसऱ्या रात्रीच्या शॉटमध्ये आकाश जुळणार नाही.

तर आपला चंद्र आपणच लावायचा. ३०० वॉटचा डेलाइट (दिवसासारखा पांढरा) एलईडी बोळाच्या मागच्या टोकाच्या गच्चीवर चढवा, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर नको, थोडा एका बाजूला. पात्र कॅमेऱ्याकडे चालत येणार, लाइट तिच्या मागून, तिरपा. केसांना, खांद्याला, पिशवीच्या पट्ट्याला कडा मिळते आणि भिंतीचे दगड एका बाजूने उठून दिसतात. समोरून तोच लाइट टाकलात तर दगड सपाट होतात, सावल्या मुलीच्या मागे लपतात आणि ‘इथे कुणीतरी लाइट धरलाय’ हे शेंबड्या पोरालाही कळतं.

लांब का लावायचा, हेही समजून घ्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. लाइट ३ मीटरवर असेल आणि मुलगी चालत ६ मीटरवर गेली तर उजेड दोन स्टॉप उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तोच लाइट १२ मीटरवर असेल आणि ती १५ मीटरपर्यंत गेली तर फरक पाऊण स्टॉपहूनही कमी असतो. चंद्र तर सगळ्या गावावर सारखाच पडतो. लांबून लावलेला लाइट हा भास देतो, आणि तो देण्यासाठी दुसरा कुठलाही स्वस्त उपाय नाही. ३०० वॉटचा मिळाला नाही तर अरुंद बोळात रिफ्लेक्टर लावलेला ६० वॉटचाही भागवतो, मात्र मग आयएसओ वर न्यावा लागतो आणि वाइड शॉट थोडा आखूड ठेवावा लागतो.

स्टँड गच्चीच्या कठड्याला सुतळीने नाही, जाड दोराने बांधा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून पायांवर टाका. वरून विजेच्या तारा जात असतील तर ती गच्ची सोडून द्या, कितीही चांगली असली तरी.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे: चंद्र निळाशार करू नका. प्रत्यक्षात चांदणं सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळंच असतं. मंद उजेडात आपल्या डोळ्यांची निळ्याकडची संवेदना टिकते आणि लाल आधी विझतो, म्हणून रात्र निळसर भासते. तेवढाच निळसरपणा हवा. लाइट ५६०० केल्विनचा असेल तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते) ४३०० च्या आसपास ठेवा. चंद्र हलका गार दिसेल आणि घरातले पिवळे बल्ब उबदार होतील. ३२०० वर ठेवलात तर सगळा बोळ शाईत बुडतो आणि चेहरा आजारी दिसतो.

दार, खिडकी आणि साधे बल्ब

खरी मजा इथे आहे, आणि इथे पैसेही कमी लागतात. मागच्या दोन घरांच्या खिडक्यांत ९ वॉटचे पिवळे एलईडी बल्ब लावा, ज्यांच्या खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा २७००–३००० केल्विन लिहिलेलं असतं. काचेला आतून बटर पेपर चिकटवा, म्हणजे बल्बचा ठिपका न दिसता अख्खी खिडकी उजळते. एलईडी बल्ब डिमरवर बहुतेक वेळा लुकलुकतात. उजेड कमी करायचा तर बटर पेपरचे थर वाढवा किंवा ५ वॉटचा लावा. कंदील दाखवायचा असेल तर वात पेटवून वर फ्रेमबाहेर छोटा पिवळा दिवा धरा. कंदिलाच्या ज्योतीने काच उजळते, पण दोन हातांवरचा चेहरा उजळत नाही.

आता दार. आईने दार उघडलं की आतला उजेड बाहेर येणार, आणि सीनमधला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तोच. आत, दाराच्या पानामागे, डोक्याच्या उंचीवर ६० वॉटचा एलईडी ठेवा. त्याला केशरी जिलेटिन (लाइटपुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावा आणि समोर मांजरपाटाचा एक तुकडा ताणून बांधा. कोरं मांजरपाट उजेड मऊ करतं आणि किंचित पिवळसरही. दार सावकाश उघडलं की उजेडाची पट्टी आधी मुलीच्या पायांवर, मग पदरावर, मग चेहऱ्यावर सरकते. तिच्या केसांवर मागून गार चंद्र आणि चेहऱ्यावर घरचा पिवळा उजेड. संवादाआधीच ती घरी पोहोचलेली असते. यासाठी दार नक्की कुठपर्यंत उघडायचं याची खूण उंबऱ्यावर खडूने करा आणि आईची भूमिका करणाऱ्या बाईंना तीन-चार वेळा फक्त दार उघडायचा सराव द्या. आई उजेडाला पाठ करून उभी राहते, म्हणून तिच्या चेहऱ्यासाठी बाहेरच्या बाजूला थर्माकोलचा एक तुकडा फ्रेमच्या कडेला धरा. आतून येणारा उजेडच त्यावरून परत फिरेल, नवा दिवा लागणार नाही.

चेहरा किती दिसायला हवा

बोळातून चालताना मुलीचा चेहरा दिवसासारखा उजळू नका. नेहमीच्या एक्सपोजरपेक्षा दीड ते दोन स्टॉप खाली ठेवा. मागून येणारी कडा मात्र पूर्ण उजळू द्या. चेहऱ्यावर लागणारा हा थोडासा उजेड थर्माकोलवरून किंवा भिंतीवर मारलेल्या छोट्या दिव्यावरून घ्या. थेट दिवा मारू नका. क्लोजअपमध्ये डोळ्यांत एक चमक हवी. कॅमेऱ्याशेजारी, छातीच्या उंचीवर अगदी मंद दिवा धरला तर ती मिळते. डोळे काळे राहिले तर प्रेक्षक पात्रापासून तुटतो.

जिथे उजेड नको तिथे तो कापायलाही शिका. त्यासाठी महागडे कटर लागत नाहीत. काळं कापड चालतं आणि घोंगडी तर अप्रतिम चालते. तिच्यातून उजेड आरपार जात नाही आणि वाऱ्यात ती फडफडतही नाही. शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर सांडणारा उजेड घोंगडीने अडवलात की फ्रेममध्ये लगेच रात्र उतरते. हॅलोजन वापरत असाल तर कापड, बटर पेपर आणि जिलेटिन त्याच्यापासून हातभर तरी लांब ठेवा, कारण ते खरंच पेट घेतात.

एसटी न आणता एसटी

खरी एसटी बस मागवायची तर महामंडळाची परवानगी, भाडं, ड्रायव्हर असं सगळं आलं. त्याऐवजी मुलगी पारापाशी उभी असताना एखादी पिकअप गाडी फ्रेमबाहेरून हेडलाइट लावून वळवा. उजेडाचा पट्टा पाराच्या वडावरून, भिंतीवरून, तिच्या पाठीवरून सरकत जाऊ द्या. एसटीचा आवाज, घंटी, दाराचा खडखडाट नंतर जोडा. गाडी एकाच वेगाने वळली पाहिजे, म्हणून ड्रायव्हरला जमिनीवर दगडांच्या खुणा करून द्या.

कॅमेरा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० ठेवा. २५ फ्रेम्सला ते नेहमीच्या १८० अंशांत (शटर प्रत्येक फ्रेमचा निम्मा वेळ उघडं) बसतं. २४ फ्रेम्सवर शूट करत असाल तरी १/५० च ठेवा. तिथे अंशांत शटर असेल तर ते १७२.८ होतं. तरीही स्वस्त बल्ब लुकलुकू शकतात. प्रत्येक बल्ब आधी कॅमेऱ्यातून बघा आणि लुकलुकणारा सरळ बदला.

दोन मूळ आयएसओ (ज्या आकड्यांवर सेन्सर सर्वात स्वच्छ चित्र देतो) असलेले कॅमेरे या कामाला उत्तम. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ४के मध्ये ते ४०० आणि ३२०० आहेत. सोनीच्या एफएक्स३ मध्ये एस-लॉग३ (रंग नंतर ठरवता यावा म्हणून फिकट रेकॉर्ड करायची पद्धत) वर ८०० आणि १२,८००. रात्री वरच्या मूळ आकड्यावर जा, मधल्या आकड्यांपेक्षा तिथे दाणे कमी दिसतात.

लेन्स ५० मिलिमीटर एफ १.८ ची स्वस्तात मिळते आणि क्लोजअपला पुरते. पण मोठ्या सेन्सरवर २ मीटर अंतरावर तिच्यात जेमतेम १७ सेंटीमीटर भाग शार्प असतो. चालत येणाऱ्या पात्रावर एवढा फोकस धरणं नवख्या हाताला अवघड आहे. चालण्याच्या शॉटला २४ किंवा ३५ ची लेन्स घ्या आणि अ‍ॅपर्चर २.८ वर न्या.

मॉनिटरच्या उजेडावर विसंबू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन झगझगीत वाटते, तुम्ही एक्सपोजर खाली ओढता आणि घरी गेल्यावर सगळं काळं निघतं. वेव्हफॉर्म किंवा फॉल्स कलर चालू ठेवा, तो नसेल तर हिस्टोग्राम. ही तिन्ही उजेड मोजून दाखवणारी कॅमेऱ्यातली साधनं आहेत. सावल्यांत थोडा तपशील ठेवून शूट करा आणि अंधार नंतर कलरमध्ये (एडिटिंगनंतर रंग-उजेड ठीक करताना) वाढवा. उलटं करता येत नाही.

कातरवेळ वाया घालवू नका

गाव दाखवणारा सगळ्यात मोठा वाइड शॉट अंधार पडल्यावर घेऊ नका. आपल्याकडे सूर्य मावळल्यानंतर बावीस ते चोवीस मिनिटं आकाशात निळा उजेड टिकतो. त्यातली शेवटची दहा मिनिटं तुमची. तोवर खिडक्यांतले बल्ब लावून तयार असायला हवेत. एक्सपोजर दोन स्टॉप खाली ठेवा: छपरांची रेघ निळ्या आकाशावर उमटेल, खिडक्या पिवळ्या जळतील. एवढं मोठं गाव उजळायला एरवी क्रेन लागली असती. मग रात्रभर निवांत बोळ आणि दार करा. म्हणून संध्याकाळी साडेचारलाच युनिट जागेवर हवं.

पाणी, धूर, किडे

ओली जमीन मागचा उजेड परतवते आणि काळा रस्ता जिवंत होतो. शहाबादी फरशी किंवा दगडी फरसबंदी असेल तर फ्रेमपुरतं बादलीने शिंपडा. मातीच्या बोळात चिखल होतो, तिथे नको. एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या गावात तर पाणी मागूच नका. उन्हाळ्यात दगड पंधरा-वीस मिनिटांत वाळतो, तेव्हा प्रत्येक टेकआधी कुणीतरी बघत राहायला हवं.

मागून उजेड असेल तर धुपाटण्यातला ऊद-धूपही फ्रेममध्ये छान दिसतो, पण उघड्यावर वारा तो मिनिटभरही टिकू देत नाही. अरुंद बोळाची दोन्ही तोंडं पडद्यांनी झाकता आली तरच त्याच्या मागे लागा.

पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस किड्यांचे. पांढऱ्या, निळसर उजेडाकडे ते जास्त धावतात, पिवळ्याकडे कमी. दोन टेकमध्ये मोठा लाइट बंद करा आणि शक्य असेल तर युनिटपासून लांब एक पांढरा बल्ब नुसता किड्यांसाठी जळत ठेवा. गवतात पाय टाकण्याआधी प्रत्येकाच्या हातात टॉर्च हवा, सापांसाठी.

कलर करताना

काळा रंग शून्यापर्यंत दाबू नका. मोबाइलवर आणि यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठे सपाट काळे भाग चौकोन-चौकोन होऊन फुटतात. दगडाची खाच, भिंतीची कड, दूरची खिडकी असं काहीतरी प्रत्येक अंधाऱ्या भागात शिल्लक ठेवा. सीन पूर्ण झाला की फाइल फोनवर घ्या आणि भर दुपारी, खिडकीजवळ उभं राहून, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून बघा. तुमचे बहुतेक प्रेक्षक तो असाच बघणार आहेत. दार उघडल्यावर मुलीच्या चेहऱ्यावरचा भाव तिथे वाचता आला नाही तर चेहरा अर्धा स्टॉप वर न्या आणि पुन्हा बघा.